गोटमार आणि ह्यादनिंगांचे युद्ध : एका आख्यायिकेच्या वयाचा विचार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव या दोन वस्त्यांमध्ये जी दगडफेक होते तिला गोटमार असे नाव आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. पुढे तो मध्य प्रांतात गेला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व वऱ्हाडकडील जिल्हे मुंबई राज्यात आले तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य कोणाचेही असो, घरातली बोली मराठी, सण मराठी आणि पंचांगही अमान्त, अशी येथील स्थिती आहे. म्हणून गोटमारीचा विचार मराठी लोकजीवनाच्या अभ्यासात करणे योग्य आहे. राज्याची सीमा आडवी आल्यामुळे तो आपल्याकडे फारसा झालेला नाही, इतकेच.

विधीचा क्रम थोडक्यात असा. पळसाचे एक झाड तोडून आणून पहाटे नदीच्या मध्यभागी रोवतात व त्यास झेंडा बांधतात. त्याची पूजा होते. मग एका काठावर पांढुर्ण्याचे लोक व दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहून एकमेकांवर दगड फेकू लागतात. पांढुर्ण्याच्या बाजूने पळसापर्यंत पोचून तो तोडावयाचा आणि झेंडा चंडीच्या देवळात न्यावयाचा. सावरगावच्या बाजूने हे होऊ द्यावयाचे नाही. झेंडा हाती आला की दगड थांबतात, आणि सकाळपासून परस्परांची डोकी फोडणारे लोक एकाच देवीपुढे हात जोडतात. दरवर्षी जखमींची संख्या शेकड्यांत जाते. १९५५ पासूनच्या मृत्यूंची जी यादी वृत्तपत्रे प्रतिवर्षी छापतात तीत डझनाहून अधिक नावे आहेत.

या प्रकाराचे कारण विचारले असता मिळणारी कथा सर्वश्रुत आहे. पांढुर्ण्याच्या एका तरुणाचे सावरगावच्या मुलीवर मन बसले. तो तिला पळवून नेत असता नदीच्या मध्यावर मुलीकडील लोकांनी त्यांस गाठले व दगड मारण्यास आरंभ केला. हे पाहून मुलाकडील लोकांनीही उलट दगड मारले. दोन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडून ती दोघे नदीतच मरण पावली. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला, त्यांनी प्रेते चंडीच्या देवळात नेली, आणि तेव्हापासून त्या घटनेची आठवण म्हणून गोटमार चालू आहे. काल विचारला तर तीनशे किंवा चारशे वर्षांचा आकडा सांगतात; कथेत मात्र ना साल आहे, ना एकाही माणसाचे नाव. भोसल्यांच्या फौजेतील शिपाई या काठावर दगडांच्या लढाईचा सराव करीत, त्यातून ही रीत निघाली, अशी दुसरीही एक हकीकत सांगितली जाते. पण ती लोकांच्या फारशी जिव्हाळ्याची नाही. मुलीच्या कथेपुढे शिपायांची कथा फिकी पडावी यात नवल नाही.

उत्तर युरोपातील प्राचीन वाङ्मयाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही कथा ऐकताच ‘ह्यादनिंगवीग’ आठवल्यावाचून राहणार नाही. आइसलंडचा पंडित स्नोरी स्तुर्लुसोन याने इ. स. १२२० च्या सुमारास रचलेल्या ‘एद्दा’ ग्रंथात ती दिली आहे. होग्नी राजा बाहेर गेला असता हेदिन राजाने त्याची मुलगी हिल्ड हिला पळविले. होग्नी पाठलाग करीत ऑर्कनी बेटांपर्यंत आला, आणि हॉय नावाच्या बेटावर दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाकली. हिल्ड बापाकडे गेली व हेदिनच्या वतीने एक कंठा देऊ करून तहाचे बोलली. पण होग्नीने आपली दाइन्सलेफ नावाची तलवार आधीच उपसली होती, आणि ती एकदा म्यानाबाहेर आली की मनुष्याचा जीव घेतल्यावाचून परत जात नसे. दिवसभर युद्ध झाले. रात्री हिल्ड रणांगणावर आली आणि तिने मंत्रबळाने सारे मेलेले वीर उठविले. दुसऱ्या दिवशी पुन्हा युद्ध, रात्री पुन्हा उठविणे. पडलेले वीर व त्यांची शस्त्रे दगड होऊन पडत, आणि उजाडले की पुन्हा उठून लढत. हे जगाच्या अंतापर्यंत असेच चालावयाचे आहे.

पळवून नेलेली मुलगी, मध्ये पाणी, दोन बाजू, आणि न संपणारी लढाई. साम्य इतके ठसठशीत आहे की उतावळा अभ्यासक लगेच दोन्ही कथांचे मूळ एक ठरवून मोकळा होईल. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र येथे थांबावे. दोन भाषांतील दोन शब्द एकसारखे ऐकू येतात म्हणून ते सगोत्र ठरत नाहीत. प्रत्येक शब्दाचा आपल्या घरातील इतिहास आधी तपासावा लागतो. कथांनाही तोच नियम लावला पाहिजे.

प्रथम उत्तरेकडील घर पाहू. स्नोरीच्या आधी सुमारे चारशे वर्षे, नवव्या शतकात, ब्रागी नावाच्या कवीने ढालीवरील चित्रांचे वर्णन करणारे ‘राग्नार्सद्रापा’ हे काव्य रचले, त्यात हा प्रसंग आहे. ब्रागीची हिल्ड तहाचे नाटक करते. तिला मनातून युद्धच हवे आहे. डेन्मार्कचा इतिहासकार सॅक्सो याने १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये हीच कथा लिहिली, तेव्हा रणांगण बाल्टिक समुद्रातील हिडेन्से बेटावर गेले आणि मेलेल्यांना उठविण्याचे कारण पतीविषयीची अनावर ओढ हे झाले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘फ्लातेयारबोक’ या हस्तलिखितात आणखी निराळा प्रकार आहे. तेथे ओदिन देवाने फ्रेया देवीचा कंठा चोरविला आणि तो परत देण्यासाठी अट घातली की, वीस वीस मांडलिक असलेले दोन राजे तिने अखंड लढत ठेवावेत. हिल्ड तेथे वनराईत बसून नुसती पाहत असते. एकशे त्रेचाळीस वर्षांनी ओलाफ त्रिग्वासोन या ख्रिस्ती राजाचा एक सैनिक येऊन सर्वांना कायमचे मारतो आणि युद्ध संपते. जुन्या देवांनी लावलेली आग नव्या धर्माच्या माणसाने विझविली, हे सांगण्याची लेखकाची हौस उघड दिसते. जर्मन भाषेतील तेराव्या शतकातल्या ‘कुद्रून’ काव्यात तर मुलीचा बाप आणि पळवून नेणारा राजा यांच्यात लढाई होते, दोघे जखमी होतात, आणि चक्क समेट होतो.

हे सर्व पाठ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मुलगी, बाप आणि पळविणारा ही तीन माणसे प्रत्येक पाठात आहेत. जी गोष्ट एका पाठात एका कारणाने येते, दुसऱ्यात दुसऱ्या कारणाने येते आणि एकात मुळीच येत नाही, ती म्हणजे युद्धाचे न संपणे. ज्याचे कारण सांगताना प्रत्येक सांगणारा चाचपडतो ते कथेत मागाहून आले असावे, असे मानणे रास्त आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, उत्तरेतील मूळ कथा कन्याहरणाची होती व तिला शेवट होता. तिचे अखंड युद्ध नंतर झाले.

ते कसे झाले याचा धागा नावांत सापडतो. ‘हिल्ड’ हे मुलीचे नाव. पण प्राचीन नॉर्स काव्यभाषेत त्याच शब्दाचा सामान्य अर्थ ‘युद्ध’ असा आहे. ‘ह्यादनिंग’ म्हणजे हेदिनचे लोक. कुरूपासून कौरव व्हावे तशी ही साधणी आहे. ‘वीग’ म्हणजे मारणे, कत्तल. आता असे पाहा की, ज्या भाषेत युद्धालाच हिल्ड म्हणतात त्या भाषेत ‘हिल्ड रोज रात्री मेलेल्यांना उठविते’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, राजकन्या त्यांना उठविते. दुसरा, युद्धच युद्धाला उठविते. शिवाय स्नोरीने ही कथा सांगितली ती मुळी एका शब्दप्रयोगाचा खुलासा म्हणून. कवी लोक युद्धाला ‘ह्यादनिंगांचे वादळ’ म्हणतात, ते का, हे नवशिक्या कवींना समजावे एवढाच त्याचा हेतू होता. शब्द आधी, स्पष्टीकरण मागून, हा क्रम त्याने स्वतः कबूल केलेला आहे.

या टप्प्यावर आपल्याकडील वीरगळांचे स्मरण होते. गोटलंड बेटावर स्तोरा हामार्स येथे मिळालेल्या एका चित्रशिळेवर शस्त्रधारी लोकांनी भरलेले गलबत, काठावरील योद्धे, आणि दोहोंच्या मध्ये उभी असलेली एक स्त्री कोरलेली आहे. पुष्कळ विद्वान तिला हिल्ड मानतात. शिळेची मांडणी आडव्या पट्ट्यांची आहे, आणि मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या वेशीत किंवा मारुतीच्या पारापाशी वीरगळ पाहिलेल्या माणसास ती लगेच ओळखीची वाटेल. परंतु वीरगळाचे वाचन खालून वर होते आणि ते पूर्ण होते. खाली लढाई, मध्ये अप्सरांनी वीरास नेणे, वर शिवलिंगाची पूजा, आणि शेंड्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो टिकावयाची ती कीर्ती. लढाई सर्वांत खालच्या पट्टीतच संपून गेलेली असते.

आपल्या महाकाव्यातही हेच. शुक्राचार्य संजीवनी विद्येने मेलेले दानव उठवितात तेव्हा देवासुरांचे युद्ध न संपण्याच्या बेताला येते. पण ही विद्या एकाच पक्षाकडे आहे, आणि देव ताबडतोब कचास पाठवून ती उणीव भरून काढतात. त्याहून बोलका प्रसंग आश्रमवासिक पर्वातील. कुरुक्षेत्रावर पडलेले सारे वीर व्यास एका रात्रीपुरते गंगेच्या पाण्यातून वर आणतात. हिल्डच्या वीरांप्रमाणे हेही रात्री उठलेले मृत आहेत, दोन्ही पक्षांचे आहेत. पण ते लढत नाहीत. कौरव व पांडव, कर्ण व अभिमन्यू, सर्व जण वैर विसरून आप्तांना भेटतात आणि पहाट होताच पाण्यात परत जातात. मृतांना उठविण्याची कल्पना तीच. आपल्या कवीने तिच्याकडून उलटे काम करून घेतले.

मग या परंपरेत वाढलेल्या जाम नदीकाठच्या लोकांची लढाई का संपत नाही? येथे कथेची उलटतपासणी घेतली पाहिजे. ती काय समजावून देते? दोन गावे का लढतात, नदीतच का लढतात, दगडांनीच का लढतात, एवढे ती सांगते. आता काय समजावून देत नाही ते पाहा. दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचाच का? मुलगी पळविण्याचा आणि बैलांच्या सणाचा कोणता संबंध? मध्ये पळसच का? झेंडा देवळात नेल्यावर लढाई थांबते, ती चंडीच्याच देवळात का? प्रेते तेथे नेली म्हणून, असे उत्तर कथेत आहे. परंतु ते उत्तर देवळाचे अस्तित्व गृहीत धरून मागाहून जोडल्यासारखे वाटते.

उलट, मुलगी बाजूला ठेवून नुसता दिवस पाहिला तर बरेच काही उलगडते. हाच दिवस विदर्भात पीडा घालवून देण्याचा आहे. नागपुरात याच दिवशी मारबतीची मिरवणूक निघते; काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून, असा परंपरेचा हिशेब आहे. गावातली इडापिडा, रोगराई, खोकला-पडसे घेऊन जा म्हणून ओरडत लोक तो पुतळा वेशीबाहेर नेऊन जाळतात. तेथेही मागाहून इतिहास चिकटला आहे : काळी मारबत म्हणजे इंग्रजांस मिळालेली बांकाबाई भोसले, असे सांगतात. पळस तर विदर्भात पोळ्याचेच झाड. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावावयाची ती पळसाच्या पानाने, आणि पळसाच्या डहाळ्या दाराशी ठेवून दुसऱ्या सकाळी गावाबाहेर टाकावयाच्या, अशी रीत अनेक गावांत आहे. तेव्हा दिवस, झाड व देवी या तिन्ही गोष्टी पळून जाणाऱ्या जोडप्याच्या आधीपासून तेथे असाव्यात, या अनुमानास पुष्कळ जागा आहे.

तुलना आणखी दूर नेली तर हे अनुमान बळकट होते. उत्तराखंडातील देवीधुरा येथे रक्षाबंधनाच्या दिवशी वाराही देवीसमोर चार घराण्यांचे लोक दगडांनी लढतात, त्यास बग्वाल म्हणतात. तेथील कथेत मुलगी नाही. नरबळीची पाळी आलेल्या एकुलत्या नातवाला वाचविण्यासाठी त्याच्या आजीने देवीची करुणा भाकली आणि नरबळीऐवजी एका माणसाइतके रक्त देण्याचे ठरले, अशी ती कथा आहे. सिमल्याजवळ धामी येथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दगडफेक होते, जखमी माणसाच्या रक्ताचा टिळा भद्रकालीस लावतात. कथा नरबळी बंद करविणाऱ्या एका राणीची. म्हणजे दगड, दोन बाजू, देवी आणि सणाचा दिवस हे सर्वत्र समान. कथा प्रत्येक ठिकाणी वेगळी. आपल्या सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड व बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्या देतात. त्यास ‘बोरीचा बार’ म्हणतात, आणि बंदुकीच्या बाराचाच हा ‘बार’ असावा असे वाटते. कथा एका पाटलाच्या दोन बायकांची, एक या गावची, दुसरी त्या गावची. दगडाऐवजी शब्द आला एवढाच फरक. भाषेच्या अभ्यासकाने सवड काढून जावे असे हे स्थळ आहे.

हिमालयातील खेडी व सातपुड्याच्या पायथ्याची खेडी यांच्यात ऐतिहासिक संबंध होता असे येथे म्हणावयाचे नाही. दोन वस्त्यांनी वर्षातून एकदा ठरवून भांडावे ही कल्पना माणसाला अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. जगातील कितीतरी भाषांत आईला ‘म’काराने हाक मारतात त्यातलाच हा प्रकार. म्हणणे इतकेच आहे की, विधी असा कथेवाचून उभा राहू शकतो आणि हाताशी येईल त्या कथेचा आधार घेतो. ‘गोटमार’ हा शब्दही तेच सांगतो. ‘लूटमार’, ‘उपासमार’ यांच्या पंक्तीतला हा समास. त्यात गोटा आहे, म्हणजे पाण्याने गुळगुळीत झालेला नदीतला दगड, आणि मार आहे. हिल्डच्या कथेत युद्धाचे नाव हेदिनवरून पडले. येथे ना मुलाचे नाव ना मुलीचे. नावात केवळ दगड.

तेव्हा दोन्ही कथा एकमेकींकडे तोंड करून उलट दिशांनी आलेल्या आहेत. उत्तरेत मुलीची कथा जुनी, तिला न संपणारे युद्ध मागाहून मिळाले. पांढुर्ण्यास वर्षानुवर्षे फिरून येणारे युद्ध जुने, त्याला मुलगी मागाहून मिळाली. वाटेत दोघी भेटल्यासारख्या दिसतात, त्यामुळे सख्ख्या बहिणी वाटतात.

हा कालक्रमाचा वाद केवळ पंडितांपुरता असता तर एवढी शाई खर्च केली नसती. गोटमार थांबवावी किंवा सौम्य करावी असा विषय निघाला की उत्तरादाखल ही कथाच पुढे केली जाते : त्या दोघांची आठवण आम्ही कशी टाकावी? प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि दगड चालू राहिले. देवीधुऱ्यास मात्र उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ पासून फळे व फुले फेकण्याची रीत पुढे आली. दगड तेथून सर्वस्वी गेले असे नव्हे, तरी ते गौण झाले. हा फरक का पडला, याचे एक कारण कथांत असावे. बळीच्या कथेत आधीच एक बदली झालेली आहे, माणसाऐवजी रक्त. मग रक्ताऐवजी फळ ही तिचीच पुढची पायरी होते. मृत जोडप्याच्या कथेत बदलीला जागा नाही. खरे पाहता ती कथा पश्चात्तापावर संपते, आणि जो पश्चात्ताप पावला त्याने तोच दगड पुन्हा उचलावा हे तिच्या तर्कात बसत नाही. परंतु सांगणारे शेवटच्या वाक्याआधीच थांबतात, आणि ऐकणारेही. हा दिवस पीडा घालविण्याचा होता, मुलगी त्यात नंतर आली, हे जर मान्य झाले, तर तिच्या नावावर होणाऱ्या या मृत्यूंचा जाब तिच्याकडे मागता येणार नाही.

एक काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थिनीने अंगावर घ्यावे. ही कथा आजवर छापली गेली ती नदीकाठच्या पुरुषांच्या तोंडची. पोळ्याच्या दिवशी तेथे न जाता, गर्दी ओसरल्यावर, जखमा बांधून झाल्यावर जावे. पात्राच्या दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या बायकांना ती गोष्ट त्यांच्या बोलीत सांगावयास लावावी आणि एक शब्द नीट टिपून घ्यावा : सावरगावची आजी त्या मुलीला लेक म्हणते का, पांढुर्ण्याची आजी तिला सून म्हणते का, आणि दोघींपैकी कोणी तिला काही नाव देते का.